इतिवृत्तात न आलेलं

सभेला हजर अकरा, असं मी लिहिलं.
त्यातले दोघे कॅरमसाठी थांबले होते
आणि शेवंता घाग दळण घेऊन जाताना
दारात टेकली ती टेकलीच.

विषय क्रमांक एक: फळा.

भांडुपला, टेंभीपाड्याच्या वळणावर,
पिठाच्या गिरणीला लागून आमचा फळा आहे. तीन बाय चार.
रोज पहाटे बाईत पेंटर त्यावर लिहितात
कुणाचं बारावं, कुणाची मुलगी सीए झाली,
रक्त हवंय, ओ निगेटिव्ह, ताबडतोब.
खाली एक ओळ स्वतःची.
ती कुणी वाचत नाही असं त्यांना वाटतं.
‘आज उकडतंय. भांडणं उद्यावर ढकला.’

एके काळी या रस्त्यावरचं प्रत्येक अक्षर त्यांचं होतं.
सलूनच्या पाटीवरचा झोकदार काना
बसथांब्यावरून ओळखू यायचा.
मग फ्लेक्स आला, चौरस फुटाला बारा रुपये.
बाईत म्हणाले, बारा रुपयांत माझा हात
डब्यातून ब्रशही काढत नाही.

मार्चपासून फळ्यावर एकच मजकूर:
वरच्या आळीला पाणी नाही. दिवस नववा.
दिवस दहावा.
ते फक्त आकडा पुसत, वाक्य तसंच ठेवत,
वाक्यावर खडूची साय धरली होती.

सतराव्या दिवशी सकाळी
फळ्याच्या जागी वाढदिवस.
वीस फुटांचा, गॉगल लावून, हात जोडून,
खाली शुभेच्छुकांचे चौतीस चेहरे,
त्यात आमचा खजिनदार रुपेशही, पासपोर्ट साइज.

चर्चेला मी ‘साधकबाधक’ म्हटलंय.
प्रत्यक्षात रुपेश म्हणाला, मला न विचारता लावला फोटो,
आणि ऐनुद्दीनचाचा म्हणाले, पण हसतोयस छान.
कुणी म्हणालं अर्ज करू. कुणी म्हणालं ब्लेड आणा.
कुणी हळूच म्हणालं,
व्यायामशाळेचं लाइट बिल तेच भरतात.
मग आम्ही बराच वेळ पंखा ऐकला.

शेवंता दारातून म्हणाली, होऊ दे तुमचं सावकाश.
एक बादली मी तीनदा वापरते.
आधी नातवाला, मग फरशीला, मग मोरीत.
चौथ्यांदा काय करू, तेवढं लिहून घ्या.

मी लिहून घेतलं नाही.
पेन चालत होतं.

वाढदिवस संपला. फ्लेक्स उतरला,
नेहमीसारखा कुणाच्या तरी गळक्या पत्र्यावर जायचा होता.
बाईतांनी तो मागून घेतला
आणि व्यायामशाळेच्या फरशीवर पालथा घातला.
मागची बाजू पांढरी.
वीस फूट नुसती पांढरी.

त्या रात्री सभा नव्हती, म्हणून कोरम मोजला नाही.
खोली चारचे तांबोळी आले, खोली नऊचे गुरव,
मुलं आली ती झोपायचं नाव घेईनात.
बाईतांनी सुतळी निळीत बुडवली, ताणली, सोडली,
टण्ण. सरळ रेघ.
म्हणाले, दिवस पुरे झाले. आता घरं सांगा.

खोली चार: सहा हंडे, एकशे दहा पायऱ्या.
खोली नऊ: टँकर, दोनशे रुपये. मुलीची शाळा बुडते.
खोली अकरा: एक बादली, तीन वेळा.
फ्लेक्सवर रंग नीट धरत नाही,
म्हणून प्रत्येक अक्षर दोनदा.
रुपेशने डबा धरला, पँट खराब करून घेतली.
गुरवांच्या मुलीने कोपऱ्यात नळ काढला
आणि नळाखाली, का कुणास ठाऊक, मासा.
तो राहू दिला.

आता तो वळणावर टांगलाय, दोन बांबूंमध्ये.
संध्याकाळी मागे गिरणीचा दिवा लागला
की गॉगलवाला चेहरा पुसट, उलटा दिसतो,
आमच्या हंड्यांमागे
हात जोडून उभा.

पाणी? बुधवारी आलं. वीस मिनिटं, गढूळ.

फळा मोकळा झालाय.
आज खालची ओळ अशी:
‘लाइट बिल आता कोण भरणार?
रविवारी सातला या. येताना चहाचे कप आणा.’